गवंड्याच्या हत्याराकडे कोण बघणार?

महाराष्ट्रातल्या बहुतेक बांधकामांवर आज वीट दोन तऱ्हांनी तोडली जाते. जुनी तऱ्हा म्हणजे गवंडी वीट डाव्या तळहातावर घेतो, उजव्या हातातली थापी आडवी करून तिच्या कडेचे दोन-चार घाव घालतो आणि विटेचे दोन तुकडे होतात. वीट सारखी भाजलेली असेल तर तुकडा हवा तिथं पडतो. आतून कच्ची किंवा एका अंगानं जास्त भाजून झामा झालेली असेल तर ती भलतीकडूनच फुटते आणि थापी तळहातापर्यंत येते. दुसरी तऱ्हा अलीकडची. चार इंची ग्राइंडर, त्याचं गार्ड काढून ठेवलेलं, वीट पायाखाली दाबलेली आणि कापणाऱ्याच्या तोंडावर रुमाल. पहिल्या तऱ्हेत हात आणि डोळा पणाला लागतो, दुसरीत हात, डोळा आणि छातीही.

कराडजवळ माझं फॅब्रिकेशनचं वर्कशॉप आहे. गेट, ग्रिल, शेड, उसाच्या ट्रॉलीची दुरुस्ती ही आमची रोजची कामं. वडील गवंडी होते, त्यामुळे वीट, चुना, सिमेंट यांच्यातच लहानपण गेलं. वीट तोडायचं एक साधं, स्वस्त, हातानं चालवायचं हत्यार बनवता येतं हे मी वर्कशॉपमधल्या अनुभवावरून खात्रीनं सांगतो. ते बनवण्यात फार मोठी विद्या नाही. मला राग येतो तो दुसऱ्या गोष्टीचा. गवंड्याच्या हातातलं हत्यार सुधारणं हे या राज्यात कुठल्याही खात्याचं, विद्यापीठाचं किंवा मंडळाचं काम समजलं जात नाही.

वीट तोडावीच का लागते, असं घर बांधून घेणारे पुष्कळ जण विचारतात. भिंतीच्या एका थरातला उभा सांधा खालच्या थरातल्या सांध्याच्या बरोबर वर आला तर भिंत तिथूनच चिरते. म्हणून सांधेमोड करायची असते. सांधेमोड करायची म्हणजे कोपऱ्यावर, दाराच्या आणि खिडकीच्या कडेला, भिंत जिथं संपते तिथं अर्धी, पाऊण किंवा पाव वीट लागते. नऊ इंची भिंतीच्या कोपऱ्यात तर उभी चिरलेली वीटही बसवावी लागते, पुस्तकात तिला क्वीन क्लोजर म्हणतात. आरसीसीच्या घरात बीमखाली शेवटचा थर मापात बसत नाही, तिथं पुन्हा तोडातोड. आमच्याकडच्या भट्टीवरची वीट साधारण ९ × ४ × ३ इंचांची. भारतीय मानक १०७७ मध्ये १९० × ९० × ९० मिलिमीटरची मॉड्युलर वीट दिलेली आहे, पण कृष्णाकाठच्या भट्ट्यांवर ती क्वचितच दिसते. हातानं थापलेली वीट एक कड जाड, एक कड बारीक अशीच येते. गवंडी ती हातात घेऊन, उलटीसुलटी करून, मनातल्या मनात माप घेऊन तोडतो. हे कौशल्य आहे आणि त्याबद्दल मला आदर आहे. पण हे कौशल्य रोज शरीराला ओरबाडून घेतं.

वडिलांच्या डाव्या अंगठ्याचं नख कायमचं जाड आणि वाकडं झालं होतं. डाव्या तळहातावर बोटांच्या बुडाशी कातडी अशी फाटलेली असायची की सिमेंटच्या मालात हात गेला की ती पुन्हा उलायची. त्यांच्या एका जोडीदाराच्या डोळ्यात छन्नीच्या डोक्याची कपची गेली आणि त्या डोळ्यानं त्यांना पुढं नीट दिसलं नाही. हातोड्याचे घाव खाऊन खाऊन छन्नीचं डोकं कडेनं पसरतं, तिथलं लोखंड भेगाळतं आणि एखाद्या घावाला त्याची कपची उडते. ते डोकं वेळच्या वेळी घासून सरळ करायचं असतं. आयटीआयमध्ये हे सुरुवातीलाच शिकवतात. बांधकामावर आयटीआय केलेला गवंडी शोधून सापडत नाही. तो वडिलांकडून, मामाकडून, नाहीतर बिगारी म्हणून माल कालवता कालवता शिकलेला असतो, आणि ज्यानं शिकवलं त्याची छन्नीही तशीच पसरलेली असते.

ग्राइंडर आला तेव्हा तरुण गवंड्यांना तो आवडला, आणि का आवडला हे मला समजतं. कड स्वच्छ येते, मनगट भरून येत नाही, काम पटकन होतं. पण चार इंची ग्राइंडर मिनिटाला साधारण ११,००० फेरे घेतो. हिशेब मांडला तर पात्याची कड सेकंदाला ५७ मीटर, म्हणजे ताशी २०० किलोमीटरहून जास्त वेगानं धावत असते. एवढ्या पात्याचा विटेत शिरणारा भाग जेमतेम सव्वा इंच. तीन इंच जाडीची वीट त्यानं एका बाजूनं कापली जात नाही, ती फिरवून दुसऱ्या बाजूनंही कापावी लागते. गार्ड आडवं येतं म्हणून ते आधी काढलं जातं. गार्ड काढून त्यावर पाच इंची पातं चढवलेलंही मी पाहिलं आहे. पातं विटेत अडकलं की यंत्र हातातून उसळतं, आणि वीट पायाखाली धरलेली असते. वर्कशॉपमध्ये आम्ही याच यंत्रावर दिवसभर काम करतो. वस्तू शिकंज्यात पक्की केल्याशिवाय आमच्याकडे कुणी ग्राइंडर सुरू करत नाही. बांधकामावर शिकंजाच नसतो.

धुळीबद्दल जरा सविस्तर लिहितो, कारण तिच्याबद्दल बोललंच जात नाही. विटेत, वाळूत, काँक्रीटमध्ये सिलिका असते. ग्राइंडरचं पातं तिचं इतकं बारीक पीठ करतं की ते डोळ्यांना दिसणाऱ्या लाल धुळीहूनही सूक्ष्म असतं. हे कण श्वासाबरोबर फुप्फुसात खोलवर जाऊन बसतात, तिथं जखमा होतात, जखमांचे व्रण राहतात आणि फुप्फुस हळूहळू ताठर होत जातं. याला सिलिकोसिस म्हणतात. तो बरा करणारं औषध नाही. ज्याला तो होतो त्याला क्षय होण्याचा धोकाही वाढतो, त्यामुळे कितीतरी कामगार क्षयाच्याच गोळ्या खात राहतात आणि मूळ दुखणं कुणी ओळखतही नाही. अमेरिकेनं २०१६ मध्ये नियम केला की आठ तासांच्या पाळीत कामगाराच्या श्वासातल्या हवेत सिलिकाचं सरासरी प्रमाण घनमीटरमागे ५० मायक्रोग्रॅमच्या वर जाता कामा नये, आणि दगड-वीट कापणाऱ्या यंत्राला पाण्याची धार किंवा धूळ ओढून घेणारी सोय असावी. राजस्थानात खाणकामगारांमध्ये या रोगाचं प्रमाण इतकं होतं की तिथल्या सरकारनं २०१९ मध्ये त्यासाठी स्वतंत्र धोरण आणलं. आमच्याकडच्या गवंड्याजवळ रुमाल आहे. रुमालातून हे कण सहज आत जातात.

आता हत्याराकडे येतो. वीट दाबाला घट्ट असते आणि ताणाला कच्ची. तिच्यावर वजन ठेवलं तर ती पुष्कळ पेलते, पण आतून ओढ बसली की लगेच भेगते. त्यामुळे तिला करवतीनं किंवा पात्यानं घासत बसण्याची गरज नाही. वरून एक आणि खालून एक अशा दोन बोथट धारा एकाच रेषेत दाबल्या की वीट त्या रेषेवर दुभंगते, खाच पाडलेली चिक्की मोडते तशी. धूळ फार थोडी उडते आणि वीट आधी भिजवलेली असेल तर त्याहून कमी. बांधकामाची वीट वापरण्याआधी भिजवायचीच असते, त्यासाठी वेगळं काही करावं लागत नाही.

या तत्त्वावरची हत्यारं जगात जुनी आहेत. युरोपात फरसबंदीचे ब्लॉक फोडायला लांब दांड्याची तरफ असलेली हत्यारं सर्रास वापरतात, आपल्याकडेही पेव्हिंग ब्लॉक बसवणाऱ्यांकडे कुठं कुठं दिसतात. पण ती जड असतात आणि यंत्रात घडवलेल्या, सगळीकडून सारख्या ब्लॉकसाठी केलेली असतात. आमची हातथापीची वीट त्यात नीट बसत नाही. वरचं पातं विटेच्या उंचवट्यावर टेकतं, बाकीची रेषा अधांतरी राहते आणि वीट तिरकी फुटते.

आम्ही वर्कशॉपमध्ये जे केलं ते या अडचणीपासून सुरू केलं. पातं ट्रकच्या कमानपाट्याचं. त्याला धार लावायची नाही, ६० अंशांचा बोथट कोन द्यायचा. त्याचे तीन तुकडे करून प्रत्येकामागे जुन्या टायरच्या रबराची पट्टी बसवायची, म्हणजे वीट वाकडी असली तरी तिन्ही तुकडे तिच्यावर टेकतात. जोरासाठी एकापुढे एक दोन तरफा. एक पाचपट जोर देते, दुसरी त्याचे पुन्हा पाचपट करते. माणसानं दांड्यावर २५ किलोंचा भार टाकला की पात्यावर, घर्षणात जातं ते सोडून, ६०० किलोंच्या आसपास पोचतात. आमच्या भागातली भाजकी वीट आडवी मोडायला एवढं पुरतं. उभी चिरायची असेल तर तुटणारा पृष्ठभाग ४ × ३ च्या जागी ९ × ३ इंच होतो, म्हणजे सव्वादोन पट. तिथं विटेवर छन्नीनं चारी बाजूंनी हलकी रेघ ओढून घ्यावी लागते, मग ती दबते. झामा वीट यात मोडत नाही, आणि तिची जागा भिंतीत नाहीच.

खरी अक्कल मात्र गवंड्यांकडून मिळाली. आमच्या गल्लीत राहणाऱ्या एका वयस्कर गवंड्यांना मी ते दाखवलं. त्यांनी आधी ते उचलून पाहिलं आणि विचारलं, "हे परांचीवर कोण न्यायचं, दादा? तुमी येणार?" गवंड्याची सगळी हत्यारं एका पिशवीत मावतात. थापी, ओळंबा, गुण्या, दोरी, लेव्हल, छन्नी, हातोडी. त्या पिशवीत जे मावत नाही ते दुसऱ्या दिवशी बांधकामावर येत नाही. त्यामुळे तरफेचं हत्यार खाली, विटांच्या थप्पीजवळ राहणार आणि वर गवंड्याजवळ छन्नीच राहणार, हे आम्ही धरून चाललो. त्या छन्नीला मुठीच्या वर जाड रबराची टोपी बसवली. हातोडी घसरली तर ती टोपीवर आपटते, अंगठ्यावर नाही. अशी टोपी परदेशी छन्नीला आयती येते, आमच्याकडे ती जुन्या टायरमधून कापून होते.

दुसरी सूचना विटा वाहणाऱ्या एका बिगारी मावशींची. गवंडी हत्यार बघत असताना त्या बाजूला उभ्या होत्या. म्हणाल्या, "दांडा माझ्या उंचीला लागतोय का ते बघा आधी. तुमच्या मापानं केलाय सगळा." त्यांचं बरोबर होतं. हत्यार जमिनीवर ठेवलं तर वाकावं लागतं आणि टेबलावर ठेवलं तर त्यांचा हात खांद्याच्या वर जातो. आता त्याचे पाय विटांच्या चार थरांवर बसतील असे आहेत आणि दांडा दोन जागी अडकवता येतो. मुठीला एक इंची पाइप वापरला, त्याचं बाहेरचं माप साधारण ३३ मिलिमीटर. अमेरिकेच्या कामगार आरोग्य संस्थेनं हातहत्यारांच्या मुठीसाठी सव्वा ते दोन इंच जाडी सुचवली आहे. बायकांच्या हाताला त्यातली खालची बाजू बरी पडते.

मावशींची ती सूचना माझ्या मते हत्याराच्या मापापुरती नाही. बांधकामावर बायका वर्षानुवर्षं विटा आणि माल वाहतात, आणि वीट तोडणं, रचणं, ओळंबा धरणं हे पुरुषाचं काम मानलं जातं. रोजही त्याच हिशेबानं ठरतो. वीट तोडायचं काम थप्पीजवळ, उभ्यानं, दांडा दाबून होणार असेल तर ते मावशी करतील. मग त्यांचा रोज बिगारीचा राहता कामा नये. हे मी ठेकेदारांना स्पष्ट सांगतो आणि त्यांना ते आवडत नाही.

बाकीचे बदल सुरक्षेचे. पात्यांमधली फट साडेतीन इंचांपेक्षा जास्त उघडतच नाही, म्हणजे वीट आत असताना हात आत जात नाही. जोर येण्यासाठी दोन्ही हात दांड्यावर ठेवावेच लागतात. दांडा स्प्रिंगमुळे वरच राहतो, आपोआप खाली पडत नाही. विटेला टेकवायच्या थांब्यावर अर्धी, पाऊण आणि पाव यांच्या खाचा आहेत. आकडे कोरलेले नाहीत, बोटानं चाचपून कळतं. आणि काम थांबलं की दांडा खाली घेऊन खिळीनं बंद करायचा, कारण बांधकामावर कामगारांची मुलं असतात आणि हलणारी प्रत्येक वस्तू मुलं हलवून बघतात.

खिळीची ही कल्पना माझ्या डोक्यातून आलेली नाही. दिल्लीच्या आयआयटीतले दिनेश मोहन आणि त्यांचे सहकारी यांनी उत्तर भारतातल्या गावांमध्ये कडबा कापायच्या यंत्रांवर होणाऱ्या अपघातांचा अभ्यास केला होता. हाताची बोटं, कधी पंजा गमावलेल्यांमध्ये लहान मुलं बरीच होती. मोठी माणसं नसताना ती यंत्राच्या चाकाशी खेळत. अभ्यासकांनी नवं, महागडं यंत्र बनवलं नाही. वैरण सरकवायच्या तोंडावर आडोसा, रुळाच्या आधी हाताला इशारा देणारा एक रूळ, पात्यापुढे आडकाठी आणि काम नसताना चाक अडवून ठेवायची खिळी, एवढे बदल केले. गावच्या लोहाराला करता येतील असे. हा अभ्यास २००४ मध्ये प्रसिद्ध झाला. मी तो वाचला तेव्हा जाणवलं की हत्यार सुरक्षित करायचं काम इतकं साधं असू शकतं, फक्त कुणीतरी गावात जाऊन बघितलं पाहिजे की बोट नेमकं कुठं आणि कसं तुटलं.

शेतीच्या हत्यारांकडे असं बघणारी माणसं आहेत, कारण त्यासाठी संस्था आहेत. दापोलीचं कृषी विद्यापीठ भातकापणीला दात्यांचा, हलका वैभव विळा वापरायला सांगतं. भोपाळला कृषी अभियांत्रिकीची केंद्रीय संस्था आहे. शेतीकामातली सुरक्षा आणि शरीरावर पडणारा ताण यांवर भारतीय कृषी संशोधन परिषदेचा देशभर चालणारा समन्वित प्रकल्प आहे. मळणी यंत्रात हात जाऊ लागले तेव्हा संसदेनं १९८३ मध्ये धोकादायक यंत्रांच्या नियमनाचा कायदा केला. हे सगळं पुरेसं आहे असं मी म्हणत नाही, पण विळ्याचं वजन किती असावं यावर सरकारी पगारावर विचार करणारी माणसं या देशात आहेत. थापीचं वजन किती असावं, छन्नीची मूठ कशी असावी, वीट कशी तोडावी यावर विचार करणारं कोण आहे?

विटेवर विचार करणारा एक माणूस शंभराहून अधिक वर्षांपूर्वी अमेरिकेत होऊन गेला. फ्रँक गिलब्रेथ १८८५ मध्ये वीटकामाचा उमेदवार म्हणून कामाला लागला. गवंडी प्रत्येक विटेसाठी जमिनीपर्यंत वाकतो हे त्यानं पाहिलं आणि विटा कमरेच्या उंचीवर राहतील अशी वर-खाली होणारी परांची बनवली. एक वीट बसवायला अठरा हालचाली लागत त्या त्यानं पाचाच्या आसपास आणल्या. गवंड्याच्या तासाला १२० विटा होत, त्या ३५० झाल्या, असं कारखान्यातल्या कामाच्या पद्धतींचा अभ्यास करणाऱ्या फ्रेडरिक टेलरनं आपल्या १९११ च्या पुस्तकात नोंदवलं आहे. यात मला एक धोकाही दिसतो. हत्यार सोपं झालं की त्यातून निघालेला वेळ कुणाचा, हा प्रश्न लगेच उभा राहतो. आपल्याकडे वीटकाम बहुधा उक्तं दिलेलं असतं. उक्त्या कामात गवंड्याचा वेळ वाचला तर फायदा त्याला होईल, पण पुढच्या वेळी ठेकेदार दर पाडेल. रोजंदारीवर असेल तर जास्त विटा मागितल्या जातील. म्हणून हत्यार आणि दर या दोन गोष्टी सुट्या ठेवून चालणार नाही. गवंड्यांच्या संघटनांनी या बाजूकडेही लक्ष द्यावं.

ठेकेदारांचं मला नेहमी ऐकावं लागतं ते असं: तुटक्या विटा वाया कुठं जातात, त्या गच्चीवरच्या ब्रिकबॅट कोब्यात घालतो. खरं आहे, कोब्याला तुकडे लागतातच. पण आम्हाला विटा वाचवायच्या नाहीत, हात वाचवायचे आहेत. दुसरं म्हणणं, आता विटा जाऊन एएसी ब्लॉक येणार. शहरात ते येत आहेत आणि ते करवतीनं कापले जातात, त्याचीही धूळ उडते. परळी, भुसावळ, कोराडी, चंद्रपूरच्या औष्णिक केंद्रांतून निघणाऱ्या राखेच्या विटाही वाढत आहेत. त्या कडेनं सारख्या असल्यामुळे तरफेच्या हत्यारात छान बसतात, फक्त जोर जास्त लागतो. आणि कराड, वाळवा, पलूसमधल्या गावांत लाल भाजकी वीट अजून कितीतरी वर्षं राहणार आहे. तिसरं म्हणणं मात्र मला पटतं: वास्तुरचनाकारांनी भिंतीची लांबी आणि खिडकीची जागा विटेच्या मापात धरली तर निम्मी तोडातोड आधीच टळेल. वास्तुरचनाकार लॉरी बेकर केरळात विटेचं माप डोक्यात ठेवून भिंती रचत. विटा उभ्या लावून आत पोकळी सोडायच्या त्यांच्या रॅट-ट्रॅप बाँडमध्ये नऊ इंची भिंतीला सुमारे चतुर्थांश विटा कमी लागतात. आपल्याकडे नकाशावर सेंटिमीटर येतात आणि गवंडी ते थापीच्या घावानं जुळवून घेतो.

गवंडी नवं हत्यार स्वीकारतच नाहीत, असं चौथं म्हणणं असतं. लोखंडी नांगराची सुरुवातही अशीच झाली होती. लक्ष्मणराव किर्लोस्करांनी १९०३ मध्ये बेळगावात लोखंडी नांगर बनवला तेव्हा शेतकरी तो घ्यायला तयार नव्हते. लोखंडानं जमीन नासते अशी समजूत होती. १९१० मध्ये आमच्याजवळच कुंडलच्या माळावर त्यांनी किर्लोस्करवाडी वसवली आणि पुढे तोच नांगर महाराष्ट्राच्या शेतात सगळीकडे गेला. तो गेला कारण बनवणारा सतत शेतकऱ्याच्या बांधावर होता आणि नांगराचं काम डोळ्यांनी दिसत होतं. आमच्या गल्लीतल्या गवंड्यांनी पहिल्या दिवशी हत्याराला नावं ठेवली, पण त्यांचा मुलगा आता ते कामावर नेतो.

पैशाचंही सांगतो. तरफेचं हत्यार साहित्य आणि मजुरी धरून एका बऱ्या ग्राइंडरच्या किमतीत होतं. बांधकाम कामगारांसाठी १९९६ च्या कायद्यांनी बांधकामाच्या खर्चावर उपकर लावला. महाराष्ट्रात तो एक टक्का आहे आणि त्यातून कल्याणकारी मंडळ चालतं. मंडळाच्या सुरक्षा संचात हेल्मेट, बूट, जाकीट, पट्टा असतो. हत्यारं घेण्यासाठी रोख साहाय्याची योजनाही मंडळानं राबवली आहे. हे चांगलं आहे. पण रोख पैशातून गवंडी बाजारात मिळतं तेच हत्यार घेणार आणि बाजारात चांगलं हत्यार नाही. वर्षाला ९० दिवस काम केल्याचा दाखला आणून नोंदणी करणाऱ्या गवंड्याला मंडळ जेवणाचा डबा देत होतं, तसं सुरक्षित हत्यारही देऊ शकतं. त्यासाठी मंडळानं एखाद्या शासकीय तंत्रनिकेतनाला एक वर्षाचं काम द्यावं: चार-पाच जिल्ह्यांतल्या वेगवेगळ्या विटा घ्या, गवंडी आणि बिगारी बायकांबरोबर बसा, हत्यार बनवा, तपासा, आराखडा सगळ्यांना खुला करा. गावोगावची फॅब्रिकेशनची दुकानं ते बनवतील. तंत्रनिकेतनांत दर वर्षी शेवटच्या वर्षाची मुलं प्रोजेक्ट करतात. त्यातले कितीतरी आयते विकत आणलेले असतात, हे आमच्यासारख्या दुकानदारांना चांगलं माहीत आहे, कारण गिऱ्हाईक म्हणून ती मुलं आमच्याकडेच येतात. त्यांच्या हाताला हे काम द्या.

आमच्या हत्याराचा आराखडा मी कुणालाही द्यायला तयार आहे, त्याचे पैसे नकोत. त्यात उणिवा असतील; पंढरपूरची वीट वेगळी, जळगावची वेगळी, तिथल्या माणसांनी ते बदलून घ्यावं.

आणि ज्यांच्या घराचं काम सध्या चालू आहे त्यांना एक विनंती. या आठवड्यात बांधकामावर जाल तेव्हा प्लॅस्टरची जाडी बघण्याआधी ग्राइंडरला गार्ड आहे का ते बघा. नसेल तर ते लावल्याशिवाय काम पुढं नेऊ नका. वीट कापायची असेल तर ती आधी भिजवायला सांगा. शंभर-दीडशे रुपयांचा बंद कडेचा चष्मा गवंड्याला आणि बिगारीला घेऊन द्या, आणि छन्नीचं डोकं पसरलेलं दिसलं तर ती जवळच्या वर्कशॉपमध्ये पाठवा. ती घासून द्यायला पाच मिनिटं लागतात.